‘एक दिवस म्हणजे हजार वर्षे’ हे सूत्र आहे का? पवित्र शास्त्रातील काळवाचक शब्दांविषयी

आपला प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात एक नव्हे तर तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. आपल्या घरगुती प्रार्थनागटात एका वक्त्याने बायबलमधील पेत्राच्या दुसऱ्या पत्रातील ३:८ हे वचन फळ्यावर लिहून सांगितले की, देवाचा एक दिवस म्हणजे माणसाची हजार वर्षे. म्हणून उत्पत्तीतील सृष्टीचे सहा दिवस म्हणजे सहा हजार वर्षे, आणि होशेय ६:२ मधील ‘दोन दिवसांनंतर’ म्हणजे ख्रिस्तानंतरची दोन हजार वर्षे, जी आता संपतच आली आहेत. आपण विचारता की, हे खरे असेल तर प्रभू येशू कबरेत तीन हजार वर्षे होता असे का म्हणायचे नाही. आणि खोटे असेल तर प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकातील हजार वर्षे तरी अक्षरशः का धरायची. शेवटी आपण लिहिले आहे, ‘कुठे शब्दशः घ्यायचे आणि कुठे अलंकारिक, याचा एकच नियम सांगा.’

असा एकच नियम माझ्याजवळ नाही, आणि ज्यांनी तो असल्याचे सांगितले त्यांचे पुढे काय झाले हेही मी खाली लिहिणार आहे. मी सत्तावीस वर्षे रविवारच्या उपासनेनंतरचा शास्त्राभ्यासाचा वर्ग घेत आलो आहे आणि मधली काही वर्षे मराठी भाषांतराचे मसुदे मूळ हिब्रू-ग्रीकशी ताडून पाहण्याचे काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की अडचण बहुधा वचनात नसते. आपण वचनापुढे दोनच दारे ठेवतो, शब्दशः आणि अलंकारिक, आणि त्यातल्या एकातून त्याने गेलेच पाहिजे असा आग्रह धरतो, तिथे ती सुरू होते. या दोन दारांच्या मध्ये तिसरे एक दार आहे आणि पवित्र शास्त्रातील काळवाचक शब्दांपैकी कितीतरी शब्द त्यातूनच ये-जा करतात. ते दार रूढीचे.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. आपण सात दिवसांच्या कालखंडाला ‘आठवडा’ म्हणतो. सोमवारी दुकानदाराने ‘आठ दिवसांनी या’ असे सांगितले तर आपण पुढच्या सोमवारी जातो, मंगळवारी नाही. त्याने खोटे सांगितले असे कोणी म्हणत नाही, आणि त्याने रूपक वापरले असेही कोणी म्हणत नाही. तो फक्त मराठी बोलला. आता योहान २०:२६ पाहा. पुनरुत्थानाच्या रविवारी संध्याकाळी थोमा शिष्यांबरोबर नव्हता. त्यानंतर ‘आठ दिवसांनी’ शिष्य पुन्हा घरात असताना, थोमाही तिथे असताना, येशू आला, असे योहान लिहितो. मूळ ग्रीकमध्येही आकडा आठच आहे. तो दिवस कोणता? पुढचा रविवार. सात मोजणारी भाषा बोलणाऱ्या वाचकाला इथे टीप द्यावी लागते. आपल्याला लागत नाही. बाळाचे बारसे बाराव्या दिवशी करताना जन्माचा दिवस पहिला धरतात आणि यहुदी बाळाची आठव्या दिवशी सुंता करतानाही तो पहिलाच धरतात. दोन्ही टोके मोजण्याची ही पद्धत आपल्या अंगवळणी आहे. पवित्र शास्त्र उघडले की मात्र आपण ती विसरतो आणि हातात घड्याळ घेतो.

ज्यांनी शाळेत मराठी किंवा संस्कृत मन लावून शिकले असेल त्यांना अभिधा, लक्षणा, व्यंजना या शब्दशक्ती आठवत असतील. लक्षणेला, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून दुसरा घेण्याला, आपल्या साहित्यशास्त्राने तीन अटी घातल्या आहेत: मुख्य अर्थाला बाध, म्हणजे अडथळा, आला पाहिजे, नवा अर्थ मुख्य अर्थाशी संबंधित असला पाहिजे, आणि त्यामागे एकतर रूढी असली पाहिजे किंवा काही प्रयोजन. ‘कुशल’ या शब्दाचा मुळातला अर्थ कुश नावाचे गवत आणणारा. आज तो कोणी मनातही आणत नाही, ही रूढी. ‘गंगेवर वस्ती’ म्हणताना गंगेचा गारवा आणि पावित्र्य सुचवायचे असते, हे प्रयोजन. ख्रिस्ती शास्त्राच्या अभ्यासात हे हत्यार कोणी फारसे वापरत नाही, पण माझ्या वर्गात त्याचा उपयोग इतर कुठल्याही पद्धतीपेक्षा अधिक झाला आहे. विशेषतः पहिली अट मोलाची आहे. मुख्य अर्थाला बाध आला पाहिजे, आणि तो त्या वाक्यातून, त्या प्रकरणातून, त्या लेखकाच्या भाषेतून आला पाहिजे. आपल्याला तो अर्थ अवघड वाटतो किंवा सोयीचा नाही, हा बाध नव्हे.

या कसोटीवर आपला कबरेचा प्रश्न आधी घेऊ, कारण तो सर्वांत सोपा आहे. मत्तय १२:४० मध्ये प्रभू म्हणतो की योना जसा तीन दिवस व तीन रात्री माशाच्या पोटात होता तसा मनुष्याचा पुत्र तीन दिवस व तीन रात्री पृथ्वीच्या पोटात राहील. शुक्रवारी दुपारी मृत्यू आणि रविवारी पहाटे कबर रिकामी; घड्याळाने मोजले तर छत्तीस-सदतीस तास होतात आणि रात्री तर दोनच. काहींनी बहात्तर तास भरून काढण्यासाठी वधस्तंभाचा दिवस बुधवारपर्यंत मागे नेला आहे. तसे करण्याआधी एस्तेरचे पुस्तक उघडावे. चौथ्या अध्यायात एस्तेर मर्दखयाला निरोप पाठवते की तीन दिवस, रात्री व दिवसा, काही खाऊपिऊ नका, मग मी राजाकडे जाईन. आणि पाचवा अध्याय सुरू होतो तोच ‘तिसऱ्या दिवशी’ ती राजवस्त्रे लेवून आतल्या चौकात उभी आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात तिसाव्या अध्यायात दाविदाच्या माणसांना सापडलेला मिसरी तरुण ‘तीन दिवस व तीन रात्री’ उपाशी आहे, आणि स्वतः सांगताना तो मोघम ‘तीन दिवस’ म्हणतो. यरुशलेमी तालमूद या यहुदी धर्मपंडितांच्या जुन्या ग्रंथात रब्बी एलाजार बेन अजऱ्या यांचे मत नोंदलेले आहे: दिवस व रात्र मिळून एक ‘ओना’ होते आणि ओनाचा अंश पूर्ण ओनेसारखाच धरावा. म्हणजे ‘तीन दिवस व तीन रात्री’ ही त्या समाजाची बोलण्याची पद्धत होती. शुभवर्तमानकार एकदा ‘तीन दिवसांनी’ आणि एकदा ‘तिसऱ्या दिवशी’ लिहितात आणि त्यांना त्यात विसंगती दिसत नाही. लूक २४:२१ मध्ये अम्माऊसच्या वाटेवरचे शिष्य त्याच रविवारी म्हणतात की या गोष्टी घडल्याला आज तिसरा दिवस आहे. बुधवार धरला तर हे वाक्य बसत नाही. तेव्हा इथे रूपक नाही, हजार वर्षे नाहीत आणि बहात्तर तासही नाहीत. तीन खरे दिवस आहेत, त्यांच्या रीतीने मोजलेले.

रूढीचे दुसरे उदाहरण ‘त्या दिवशी’ या शब्दप्रयोगाचे. उत्पत्ती २:१७ मध्ये देव आदामाला सांगतो की ज्या दिवशी तू त्या झाडाचे फळ खाशील त्या दिवशी खास मरशील. आदाम फळ खातो आणि पाचव्या अध्यायानुसार ९३० वर्षे जगतो. येथे हजार वर्षांचे सूत्र सांगणारे लगेच पुढे येतात: ९३० हे हजारपेक्षा कमी, म्हणजे आदाम देवाच्या त्याच ‘दिवशी’ मेला. ऐकायला छान वाटते. पण हिब्रूतली हीच वाक्यरचना राजांच्या पहिल्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायात शलमोन राजाच्या तोंडी आहे. तो शिमीला बजावतो की यरुशलेमेत घर बांधून राहा. ज्या दिवशी बाहेर पडून किद्रोन ओहोळ ओलांडशील त्या दिवशी तू खास मरशील. तीन वर्षांनी शिमीचे दोन दास पळून गथला जातात. शिमी गाढवावर खोगीर घालून गथला जातो, दासांना शोधतो, परत आणतो, मग कोणीतरी राजाला कळवतो, मग राजा त्याला बोलावतो आणि मग त्याचा वध होतो. हे सर्व एका दिवसात उरकणे शक्य नाही. (जाता जाता: गथ पश्चिमेकडे आहे आणि किद्रोन शहराच्या पूर्वेला, म्हणजे शिमीने किद्रोन ओलांडलाही नसावा, तरी शिक्षा झालीच.) ‘त्या दिवशी मरशील’ याचा अर्थ त्या क्षणी तुझ्यावर मृत्यूची शिक्षा लागू झाली, मग अंमलबजावणी केव्हाही होवो. आपणही रागाने म्हणतोच, ‘तू तिकडे गेलास की मेलास समज.’

असाच तिसरा शब्द म्हणजे हिब्रू ‘ओलाम’, ज्याचे भाषांतर ‘सर्वकाळ’ असे होते. निर्गम २१ मध्ये कान टोचून घेणारा दास धन्याची ‘सर्वकाळ’ चाकरी करतो, म्हणजे मरेपर्यंत. माशाच्या पोटातला योना म्हणतो की पृथ्वीचे अडसर माझ्यावर सर्वकाळचे लागले. तो सर्वकाळ तीन दिवसांचा निघाला. योनाने अतिशयोक्ती केली असे मी म्हणणार नाही. ‘ओलाम’ म्हणजे ज्याचा शेवट बोलणाऱ्याला दिसत नाही असा काळ, आणि समुद्राच्या तळाशी असलेल्या माणसाला शेवट दिसत नव्हता.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर, शब्दशः की अलंकारिक असे विचारण्याआधी ‘हे लोक असे बोलत होते का?’ असे विचारावे. याचे उत्तर बहुतेक वेळा पवित्र शास्त्राच्याच दुसऱ्या पानावर, एखाद्या साध्या गोष्टीत, जिथे कोणताही सिद्धांत पणाला लागलेला नाही अशा ठिकाणी मिळते.

आता आपल्या वक्त्याच्या सूत्राकडे येतो. मी इथे थोडा कबुलीजबाब देणे योग्य होईल, कारण सुरुवातीच्या वर्षांत मीही हेच शिकवत असे. रंगीत खडूंनी फळ्यावर सात खण काढायचे, प्रत्येक खणात हजार वर्षे, सातव्या खणात प्रकटीकरणातले ख्रिस्ताचे हजार वर्षांचे राज्य. वर्ग खूश असायचा. एका रविवारी मागच्या बाकावरच्या एका मावशी, ज्या चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत, उभ्या राहिल्या. पेत्राने हे वाक्य ज्या स्तोत्रावरून घेतले ते नव्वदावे स्तोत्र मीच वर्गाला उघडायला सांगितले होते. त्यांनी चौथे वचन शेवटपर्यंत वाचले: तुझ्या दृष्टीने सहस्र वर्षे कालच्या गेलेल्या दिवसासारखी, रात्रीच्या प्रहरासारखी आहेत. मग त्यांनी विचारले, ‘भाऊ, त्याच ओळीत पुढं प्रहर लिहिलाय, तो कुठल्या खणात धरायचा?’ मी खडू खाली ठेवला. जुन्या करारातील हिब्रू लोक रात्रीचे तीन प्रहर करत, म्हणजे एक प्रहर साधारण चार तासांचा. हजार वर्षे एका प्रहरासारखी धरली तर एक दिवस सहा हजार वर्षांचा होतो आणि सृष्टीचा आठवडा पहिल्या सहा दिवसांतच छत्तीस हजार वर्षांवर जातो. एकाच ओळीत दोन वेगवेगळी मापे देणारा कवी माप देत नसतो. देवापुढे आपली मापे किती पोकळ ठरतात हे तो सांगत असतो.

पेत्राचे वाक्यही नीट वाचावे. तो ‘सारखा’ म्हणतो, ‘म्हणजे’ म्हणत नाही, आणि ते दोन्ही बाजूंनी म्हणतो: एक दिवस हजार वर्षांसारखा आणि हजार वर्षे एका दिवसासारखी. हिशेबाला एक बाजू पुरली असती. शिवाय लगेच पुढच्या वचनात तो हे का सांगतो आहे ते उघड करतो: प्रभू विलंब करत नाही, तो धीर धरतो आहे, कोणाचा नाश व्हावा अशी त्याची इच्छा नाही. ‘त्याच्या येण्याचे वचन कुठे गेले?’ असे हिणवणाऱ्यांना दिलेले हे उत्तर आहे. ज्या वचनाने तारखा मोजणाऱ्यांचे तोंड बंद करायचे त्याच वचनावरून तारखा मोजायच्या, हे मला आज विपरीत वाटते.

हे सूत्र आजचे नाही, म्हणून आपल्या वक्त्यांना फार दोष देऊ नये. ‘बर्णबाचे पत्र’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन ख्रिस्ती लिखाणाच्या पंधराव्या अध्यायात सहा दिवस म्हणजे सहा हजार वर्षे हे गणित आहे, आणि दुसऱ्या शतकात इरेनियस या ख्रिस्ती धर्मगुरूनेही ते स्वीकारले होते. अडचण हिशेबात आली. तिसऱ्या शतकातील ज्युलियस आफ्रिकानसने सृष्टी ख्रिस्तापूर्वी ५५०० वर्षे धरली, म्हणजे सहा हजार वर्षे इ.स. ५०० च्या सुमारास भरणार. सतराव्या शतकात आर्चबिशप अशर यांनी १६५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कालगणनेत सृष्टी इ.स.पू. ४००४ ला नेली, म्हणजे हिशेब १९९७ मध्ये भरणार. दोन्ही वर्षे आली आणि गेली.

याचेच दुसरे रूप ‘एक दिवस म्हणजे एक वर्ष’ हे आहे, आणि त्याला आधार अधिक भक्कम दिसतो, कारण तो शास्त्रात खरोखरच लिहिलेला आहे. गणना १४:३४ मध्ये हेरांच्या चाळीस दिवसांबद्दल चाळीस वर्षे रानात भटकण्याची शिक्षा आहे. यहेज्केल ४ मध्ये संदेष्ट्याने ३९० दिवस आणि मग ४० दिवस कुशीवर पडून राहायचे आहे, दर वर्षाला एक दिवस. पण दोन्ही ठिकाणी देव स्वतः हे प्रमाण सांगतो, त्या एका प्रसंगापुरते. सांगितले नसते तर कोणालाही कळले नसते, आणि म्हणूनच ते सांगावे लागले. योनाने निनवेला चाळीस दिवसांची मुदत दिली तेव्हा निनवेच्या राजाने ती चाळीस वर्षे धरली असती तर तो राखेत बसलाच नसता. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातले शेतकरी आणि बाप्टिस्ट उपदेशक विल्यम मिलर यांनी दानीएल ८:१४ मधील २३०० ‘संध्याकाळ-सकाळ’ म्हणजे २३०० वर्षे धरली, ती इ.स.पू. ४५७ पासून मोजली आणि १८४३-४४ या काळावर बोट ठेवले. पुढे त्यांच्या चळवळीत २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख ठरली. हजारो लोकांनी रात्रभर वाट पाहिली. काहींनी उभी पिके कापली नव्हती. इतिहासात तो दिवस ‘महानिराशा’ म्हणून ओळखला जातो. मिलर हे प्रामाणिक आणि अभ्यासू गृहस्थ होते, आणि मला यातली खरी शिकवण तीच वाटते: चूक निष्ठेत नव्हती, एका प्रसंगाचे प्रमाण दुसऱ्या प्रसंगावर नेऊन बसवण्यात होती.

मग आकडे शब्दशः घ्यायचेच नाहीत का? घ्यायचे. यिर्मयाची सत्तर वर्षे पाहा; माझ्या मते काळवाचक शब्द शिकण्यासाठी याहून चांगला पाठ नाही. अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, याजकांसमोर जाहीर करतो की दोन वर्षांच्या आत बाबेलचे (बॅबिलोनचे) जू मोडेल आणि लुटून नेलेली पात्रे परत येतील. एकोणतिसाव्या अध्यायात यिर्मया बाबेलातल्या बंदिवानांना पत्र लिहितो: घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, कारण सत्तर वर्षे भरल्यावर देव तुम्हांला परत आणील. ‘दोन’समोर ठेवल्यावर ‘सत्तर’चा अर्थ उजळतो. नव्वदाव्या स्तोत्राप्रमाणे सत्तर वर्षे म्हणजे एक माणसाचे आयुष्य. पत्र वाचणाऱ्या प्रौढाला कळले की मी परत जाणार नाही, माझी नातवंडे जातील. बाबेलचा पाडाव इ.स.पू. ५३९ मध्ये झाला. इ.स.पू. ६०९ मध्ये अश्शूरचा शेवटचा टेकू गेला आणि बाबेलचे वर्चस्व सुरू झाले असे धरले तर बरोबर सत्तर होतात. यहुदाची पहिली माणसे नेली गेली तिथपासून धरले तर थोडी कमी भरतात. मंदिर उद्ध्वस्त झाल्यापासून नवे मंदिर पुरे होईपर्यंत पुन्हा सुमारे सत्तरच भरतात. आकडा इतिहासाला भिडतो, पण पंचांगाच्या काटेकोरपणाने नव्हे, एका पिढीच्या आयुष्याच्या मापाने. त्याला पोकळ रूपक म्हणणेही चूक आणि दिवसांचा हिशेब मागणेही चूक. पुढे दानीएल नवव्या अध्यायात हीच सत्तर वर्षे वाचून प्रार्थना करतो आणि त्याला उत्तर मिळते ते ‘सत्तर सप्तकां’चे. तोच आकडा सात पटींनी रुंदावतो, पण तो दानीएलाने रुंदावलेला नाही, त्याला तसे सांगण्यात आले आहे. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे.

एकाच शब्दाचे दोन उपयोग एकाच पानावर पाहायचे असतील तर योहानाचा चौथा अध्याय वाचावा. ग्रीक शब्द ‘होरा’ म्हणजे तास. सहाव्या वचनात येशू विहिरीपाशी बसतो तेव्हा सुमारे सहावा तास आहे, म्हणजे भर दुपार. त्या उन्हात एकटी पाण्याला आलेली स्त्री समजून घ्यायला तो तास तासच असला पाहिजे. एकविसाव्या वचनात येशू तिला सांगतो की अशी ‘होरा’ येत आहे जेव्हा तुम्ही या डोंगरावर किंवा यरुशलेमेत पित्याची उपासना करणार नाही. तिथे साठ मिनिटे कोणाच्याही मनात येत नाहीत. आणि बावन्नाव्या वचनात अधिकाऱ्याच्या मुलाचा ताप काल सातव्या तासाला उतरला. बाप मुद्दाम वेळ विचारून घेतो, कारण त्याच वेळी येशूने शब्द दिला होता हे त्याला ताडून पाहायचे आहे. मसुदा तपासताना आम्ही पहिल्या आणि तिसऱ्या ठिकाणी ‘तास’ आणि मधल्या ठिकाणी ‘वेळ’ ठेवतो, आणि वाचकाला हा एकच शब्द होता याचा पत्ताही लागत नाही. क्रमांक जोडलेला असला, कोणी चौकशी करून घेतलेला असला, की काळ मोजायचा. ‘माझी’, ‘ती’, ‘येत आहे’ अशी जोड असली की काळ ओळखायचा.

उत्पत्तीच्या सहा दिवसांबद्दल मात्र मी आपल्याला निकाल देणार नाही, कारण इथे उत्तर आपण त्या अध्यायाला कोणत्या प्रकारचे लिखाण मानता यावर अवलंबून आहे आणि श्रद्धावान माणसे दोन्ही बाजूंना आहेत. प्राचीन मंडळीच्या शिक्षकांतही हेच दिसते. चौथ्या शतकात बासिलने ते चोवीस तासांचे साधे दिवस मानले. त्याआधी ओरिगेनने विचारले होते की सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला तर पहिल्या तीन दिवसांना संध्याकाळ आणि सकाळ कशी. ऑगस्टीननेही हे दिवस कोणत्या प्रकारचे होते याची कल्पना करणे आपल्याला अत्यंत कठीण आहे असे लिहिले. या तिघांपैकी कोणालाही भूगर्भशास्त्र माहीत नव्हते. म्हणजे बाध विज्ञानाने आणलेला नाही, तो मजकुरातच दिसला होता. माझे स्वतःचे मत असे की तिथे ‘दिवस’ हा शब्द ताणू नये. संध्याकाळ आणि सकाळ असलेला दिवस हा दिवसच आहे, तो युग नव्हे आणि हजार वर्षेही नव्हेत. प्रश्न शब्दाचा नाही, चौकटीचा आहे. मत्तय २० मध्ये द्राक्षमळ्याचा धनी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अकराव्या तासाला मजूर ठेवतो. ते तास अगदी खरे तास आहेत. अकरावा तास म्हणजे संध्याकाळचे पाच, आणि एकाच तासाच्या कामाला पूर्ण दिवसाची मजुरी मिळते यातच गोष्टीची धार आहे. पण सबंध गोष्ट दृष्टांत आहे. तसेच सृष्टीच्या आठवड्यातले दिवस साधे असतील आणि तो आठवडा मात्र देवाच्या कामाला घातलेली चौकट असेल, हे शक्य आहे. ज्यांना तो इतिवृत्त वाटतो त्यांच्याशी माझे भांडण नाही. जे मध्येच एका दिवसाला हजार वर्षांची लांबी देतात त्यांच्याशी आहे, कारण ते दोन्हीकडचे गमावतात.

प्रकटीकरण २० मधील हजार वर्षांचेही तसेच. जस्टिन आणि इरेनियस या दुसऱ्या शतकातल्या लेखकांनी ती खरी वर्षे मानली. ऑगस्टीन आधी त्या बाजूला झुकला होता आणि नंतर त्याने ती मंडळीच्या (चर्चच्या) सबंध काळाची खूण मानली. माझा कल ऑगस्टीनकडे आहे. ज्या दर्शनात अथांग कूपाची किल्ली, मोठी साखळी आणि अजगर आहेत, तिथे फक्त वर्षेच पंचांगातली असावीत असे म्हणणाऱ्याने त्याचे कारण दिले पाहिजे. आणि हजार हा आकडा शास्त्रात अन्यत्रही ‘मोजदाद सोडून द्या’ अशा अर्थाने येतो, जसे पन्नासाव्या स्तोत्रात हजार डोंगरांवरची गुरे देवाची आहेत, म्हणून एक हजार एकाव्या डोंगरावरची दुसऱ्या कोणाची ठरत नाहीत. तरीही त्या अध्यायात हा कालावधी सहा वेळा सांगितला आहे, आणि एवढ्या वेळा सांगितलेली गोष्ट सहज बाजूला सारता येत नाही हे समोरच्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही. मंडळी कोणत्या परंपरेतली आहे त्यावर इथे बरेच ठरते. म्हणून आपल्या गटात हा वाद पहिल्याच बैठकीत काढू नये, असे मी सुचवीन.

राहिला होशेय, आणि आपल्या गटाने सुरुवात तिथूनच करावी. ‘दोन दिवसांनंतर तो आम्हांला जिवंत करील, तिसऱ्या दिवशी उठवील’ हे वाक्य कोणाचे आहे ते आधी पाहावे. ते देवाचे नाही. ‘चला, आपण परमेश्वराकडे परत जाऊ’ असे म्हणणाऱ्या लोकांचे आहे. दोन आणि मग तीन अशी चढती जोडी हिब्रू काव्यात नेहमी येते. आमोसाच्या पहिल्या अध्यायात ‘तीन अपराध, चार अपराध’ आहेत, नीतिसूत्रांत ‘सहा गोष्टी, सात गोष्टी’ आहेत. आपण आजाऱ्याला धीर देताना ‘दोन-तीन दिवसांत हिंडायला लागशील’ म्हणतो, तीच ही भाषा. लोकांना लवकर, फारसे काही न मोजता, बरे व्हायचे आहे. ते दोन दिवस दोन हजार वर्षांचे केले तर त्या उतावळेपणाचा जीवच जातो आणि देवाच्या उत्तराला काही अर्थ उरत नाही. पुढच्या बैठकीत पहिल्या वचनापासून सहाव्या वचनापर्यंत कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगावे. चौथ्या वचनात देव बोलू लागतो आणि म्हणतो की तुमचे प्रेम सकाळच्या ढगासारखे, लवकर उडून जाणाऱ्या दहिवरासारखे आहे. त्यानंतरही कोणी वर्षांचा हिशेब मांडायला घेतला, तर चौथे वचन पुन्हा एकदा, थोडे सावकाश, वाचायला सांगावे.